गोजराच्या आठ सवती

माझ्या आईला आठ सवती होत्या. आठही जणी शिरवण्याच्या वरच्या अंगाला, पाद्र्यांच्या शाळेच्या चॅपलमध्ये, मनोऱ्यात एका लोखंडी तुळईला टांगलेल्या. थोरली बार्बरा, पाण्याच्या पिंपाएवढी. धाकटी अग्नेस, कळशीएवढी. मधल्या मोनिका, क्लारा, रोझ, तेरेझा, सेसिलिया आणि लुसी. शाळेने पुढे एक स्मरणिका काढली, तीत या घंटांचा इतिहास दीड पान छापलाय. कुठे ओतल्या, कुणी दिल्या, कोणत्या बिशपनी आशीर्वाद दिला, सगळं आहे. वाजवणाऱ्याला एका ओळीत उरकलंय आणि माझ्या आईचं तर नावच नाही. तो इतिहास खोटा नाही, पण अळणी आहे. म्हणून मी लिहितेय.

सुरुवातीला घंटा एकच होती आणि तिला नाव नव्हतं. शाळा पत्र्याच्या दोन खोल्यांत भरायची तेव्हा फादर बस्त्याव यांनी मोडीत निघालेल्या कुठल्याशा बोटीची घंटा आणून भेंडीच्या झाडाला टांगली होती. फादर मूळचे वसईचे, मराठी घरचीच. आमची मिठागरं आणि शेतं नव्या शहरात गेली होती आणि माझे बाबा, हिरामण, घरी बसून माशा मारत होते. भजनात मृदंग वाजवणारा माणूस म्हणून फादरनी त्यांना शिपायाच्या कामावर घेतलं आणि घंटेची दोरी हातात दिली. आईचं त्या घंटेशी छान जमायचं. एकदा वाजली की ती तांदूळ वैरायची, दुसऱ्यांदा वाजली की अंगणात सुकत घातलेली मासळी उलटायची. ती घंटा आपला नवरा वाजवतो याचा तिला अभिमान होता, आणि अभिमान लपवायचा असतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सत्याहत्तर साली चॅपल उभं राहिलं. बेल्जियममधल्या त्यांच्या एका शाळेने आठ घंटा भेट पाठवल्या. गोदीतून ट्रकने खाडीपूल ओलांडून त्या आल्या तेव्हा अख्खं गाव रस्त्याला होतं. फादर या सगळ्या जंजाळाला कॅरिलॉन म्हणायचे. लगेच खाली मान घालून सांगायचेही, की खऱ्या कॅरिलॉनला याच्या तिप्पट घंटा लागतात, हे आपलं गरिबाघरचं. मनोऱ्यात घंटांच्या खालच्या खोलीत लाकडी दांड्यांची एक रांग होती. दांडा खाली दाबला की तार ओढली जायची आणि वर लोलक घंटेवर आपटायचा. गावाने त्याला घंटांची पेटी म्हणायला सुरुवात केली.

ख्रिस्ती लोकांत घंटा टांगण्याआधी तिचं बारसं करतात. आम्हांला हे काय माहीत? आम्ही बायका-पोरं गंमत बघायला गेलो. घंटा चॅपलसमोर ओळीने चौरंगांवर मांडल्या होत्या, गळ्यात हार घातलेल्या. प्रत्येकीच्या अंगावर तिचं नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेलं. बिशपनी एकेकीला पाणी घातलं, आतून-बाहेरून तेल लावलं, खाली धूप फिरवला आणि मोठ्याने तिचं नाव घेतलं. पाण्याचं भांडं धरायला बाबा. बिशपांचं झालं की मागून पांढऱ्या पंच्याने घंटा पुसायलाही बाबाच. शेजारची रखमाकाकी आईच्या कानाशी लागून म्हणाली, की गोजरे, ही तर हळद लागतेय गो, आणि तुझा नवरा करवला झालाय. सगळ्या हसल्या. आईही हसली. पण घरी येताना ती आमच्या पुढे चार पावलं चालत होती, आणि आई पुढे चालायला लागली की घरात भांडी आपटणार हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

आता आमच्यातली रीत सांगते, कारण हल्लीच्या मुली नवऱ्याला सोसायटीच्या गेटपासून नावाने हाका मारतात. आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. आई बाबांना ‘दमयंतीचा बाबा’ म्हणायची, दमयंती म्हणजे मी, आणि बाबा आईला नुसतं ‘गो’. ऐक गो, वाढ गो, भरती आली गो. नाव घ्यायचं ते उखाण्यात, लग्नाकार्यात. आईने बाबांचं नाव शंभर हळदीकुंकवांत घेतलं होतं, दर वेळी नवा उखाणा. बाबांनी एकदाही घेतलं नव्हतं. त्यांच्या लग्नात आत्याने दार अडवलं, म्हणाली, बायकोचं नाव घे तर आत सोडते. तर हे गृहस्थ इतके लाजले की वळसा घालून मागच्या दाराने घरात शिरले आणि नवरी पुढच्या दारात एकटी उभी. शिरवण्यात तो किस्सा पुढे कितीतरी लग्नं पुरला. आई तो सांगताना हसायची, पण हसून झाल्यावर म्हणायची, माझं येणं बाकी हाय तुझ्या बापाकडं.

फादरनी बाबांना पेटी शिकवायला घेतली आणि तिथे घोळ झाला. ती परदेशी सुरांची खूण, काळे ठिपके आणि रेघा, बाबांच्या डोक्यात शिरेना. मग फादरनी युक्ती काढली. प्रत्येक दांड्यावर त्या त्या घंटेचं नाव रंगवलं आणि गाणी नावांनीच शिकवली. बाबांना मृदंगाचे बोल तोंडाने म्हणायची सवय होतीच. ते नावांचे बोल म्हणायला लागले. आधी तोंडाने नाव, मग हात. नाव तोंडातून सुटल्याशिवाय त्यांचा हात पडायचाच नाही. महिन्याभरात चॅपलची गाणी शिरवण्यावरून वाहायला लागली आणि फादर खूश झाले.

पण सराव घरी व्हायचा. संध्याकाळी बाबा ओटीवर पाट उलटा घालून बसायचे आणि बोटांनी पाट वाजवत म्हणायचे, मोनिका लुसी लुसी रोझ, तेरेझा लुसी, लुसी क्लारा. डोळे मिटलेले, मान हलतेय. आत आई चुलीशी तांदळाच्या भाकऱ्या थापतेय. ज्या माणसाच्या तोंडातून लग्नाला अठरा वर्षं होऊन आपलं नाव आलं नाही, तो रोज दिवेलागणीला आठ बायकांची नावं सुरात घेतोय, तीही लाडाने, हे तिने सहन कसं केलं असेल? केलंच नाही. भाकरी करपायची, तवा आपटायचा, मला विनाकारण धपाटा बसायचा. बाबांना वाटायचं, सरपण ओलं असेल.

त्यात बाबा घंटांच्या प्रेमातच पडले होते, हे खोटं कशाला बोलू. कालवणाला ठेवलेली चिंच मडक्यातून नाहीशी व्हायची, कारण नावांची अक्षरं चिंचेने लख्ख निघतात. डिसेंबरात संत लुसीचा सण असतो, त्या दिवशी फादरनी लुसीला हार घालायला सांगितलं, तर बाबांनी आमच्या दारची अबोली ओरबाडून नेली. ती अबोली आईने स्वतःच्या केसांसाठी लावली होती. नळावर बायका विचारायच्या, गोजरे, आज कुणाच्या अंगाला तेल लावतोय तुझा नवरा? आई म्हणायची, थोरलीच्या. आणि हंडा अर्धाच भरून निघायची. कपाळ पिटायचं सोडून मीही हसायचे. मला मजा वाटायची. बाबा हातात घड्याळ नसताना वेळेवर वाजवतात, शाळेतल्या बाई त्यांचं कौतुक करतात, आणि माझी आई पितळेवर जळते. पण एकदा ओटीवर कुणीतरी बाबांना विचारलं, या आठांत खरी कामाची कोणती? बाबा पटकन म्हणाले, “लुसी. लुसीबिगर गानाच नाय.” आई दारात उभी होती. तिचा चेहरा बघून माझं हसू गेलं. आठांतल्या सातांना तिने त्या दिवशी माफ केलं असावं, कारण त्यानंतर तिच्या तोंडी शिव्या आल्या त्या फक्त लुसीला.

चौऱ्याऐंशीच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. हळदीला बोनकोड्याहून धवलारीण आली, चांगुणाबाई. आमच्यात लग्नविधी तिच्या गाण्यांवर चालतात, भटापेक्षा तिचा मान मोठा. तिने हळदीची गाणी म्हणून झाल्यावर माझ्या आईबाबांना शेजारी बसवलं आणि जाहीर केलं, की पोरीच्या आईबापाने नाव घेतल्याशिवाय हळद उतरणार नाही. मागचं दारही तिने आधीच बंद करून घेतलं होतं. जुना किस्सा बोनकोड्यापर्यंत पोचला होता तर. आईने खाली बघत बाबांचं नाव घेतलं. मग सगळा मांडव बाबांकडे बघायला लागला. बाबांनी घाम पुसला. पण या वेळी ते तयारी करून आले होते, उखाणा पाठ केला होता. आईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर मी असं काही कधी पाहिलं नव्हतं, तोंडाला पाणी सुटलेल्या पोरीसारखी दिसत होती ती. बाबांनी डोळे मिटले आणि पेटीवर म्हणतात तसं ठेक्यात म्हणाले,

“मांडवाचे दारी बांधला आंब्याचा टाळ, लुसीचा नाव घेतंय, सुखी राहू दे माजा बाळ.”

मांडव असा फुटला की बाहेर रांधणारे भटारी आत धावत आले. रखमाकाकी लोळायची बाकी राहिली. चांगुणाबाईही पदर तोंडात कोंबून हसली. बाबांना काय झालं ते कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी आईकडे पाहिलं. आई उठली, माझ्या गालाला हळद लावली, सगळ्यांना पान-सुपारी दिली, आणि आत जाऊन भांडी घासायला बसली. लग्नघरात भांड्यांना बायका ठेवलेल्या असताना.

मी सासरी गेले. आईने बाबांशी बोलणं टाकलं. जेवण वाढायची, कपडे धुवायची, पण निरोप सगळे भिंतीला नाहीतर कोंबड्यांना. बाबांनी माफी मागून पाहिली. आता घेतो नाव, म्हणाले, तर आईने कोंबडीला सांगितलं, की मागून घेतलेलं नाव मला नको, ते त्याने लुसीलाच द्यावं. मग जून-जुलैत कधीतरी ती नेसून-सवरून फादर बस्त्यावांच्या खोलीत गेली. तिने सरळ सांगितलं, माझा संसार तुमच्या घंटांनी मोडलाय. फादर बिचारे लग्न न केलेला माणूस. त्यांना आधी हसू आलं, मग भीती वाटली. त्यांनी तोडगा काढला, की चॅपलला अजून एक नववी घंटा यायची आहे, तिच्यावर ‘गोजरा’ नाव ओतून घेऊ. त्यांना वाटलं, बाई विरघळेल.

आई म्हणाली, “फादर, मना तुमचे मनोऱ्यान जागा नको. त्यांचे तोंडान पायजे.”

फादरनी विचार करकरून शेवटी दांड्यांवरची नावं घासून काढली आणि तिथे आकडे रंगवले, एक ते आठ. बाबांना ताकीद दिली, की यापुढे नावं बंद, घरीही नाही, मनोऱ्यातही नाही. बाबांनी मान डोलावली. त्यांनाही घर हवं होतं. आईला वाटलं, जिंकले.

डिसेंबरात मी बाळंतपणाला माहेरी आले, तर शिरवण्यात चेष्टेचा नवा विषय होता. मनोऱ्यावरून गाणं सुरू व्हायचं आणि चार पावलांवर ठेच लागून पडायचं. परत सुरू, परत ठेच. नावांशिवाय बाबांचा हात पडत नव्हता आणि आकड्यांवर तो पडायला तयार नव्हता. गावातले टाळ्या वाजवायचे. नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांत उभे राहून लोक विचारायचे, हे काय चाललंय. फादरनी शेवटी बाबांना सांगितलं, की नाताळच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे यायच्या आत एकदा नीट वाजव, नाहीतर शाळेतल्या, पियानो येणाऱ्या अरुणाबाई वाजवतील. म्हणजे कायमच्याच.

बाबा नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. पाटही घेतला नाही. ओटीवर हात मांडीवर ठेवून बसले होते. हात रिकामे कसे ठेवतात हे त्यांना माहीतच नव्हतं. आई आतून बघत होती. तिने मागितलं होतं ते झालं होतं. घरात सवतींचं नाव उरलं नव्हतं. पण नवराही उरला नव्हता, आणि हे तिला कळत होतं, म्हणून ती जास्तच चिडली होती.

ऊन उतरताना बाबा मनोऱ्यावर गेले. गाणं सुरू झालं आणि तिसऱ्या सुरावर अडखळलं. आमच्या घरासमोरच्या पारावरून पोपट न्हाव्याने ओरडून विचारलं, की काय रे हिरामणा, लुसी माहेराला गेली का? पारावरचे सगळे फिदीफिदी हसले. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. पाराशी जाऊन तिने पोपट न्हाव्याला जे सुनावलं ते इथे लिहिता येत नाही, पण पार रिकामा झाला. माझ्या नवऱ्याला हसायचा हक्क माझा, असा त्याचा सौम्य अर्थ होता. आणि तिथून ती तशीच चॅपलकडे चालायला लागली. मी मागे मागे, पोट सांभाळत.

मनोऱ्याचा जिना अरुंद, लाकडी. मी अर्ध्यावर टेकले, तिथून खोली दिसत होती. बाबा दांड्यांसमोर उभे, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. आई आत गेली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. सात महिन्यांनी ती त्यांच्याशी थेट बोलली.

“हात ठेवा. मी सांगतंय.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती समोर भिंतीकडे बघत होती.

“मोनिका,” आई म्हणाली.

बाबा दचकले. पण तोंड जुन्या सवयीचं. “मोनिका,” ते म्हणाले आणि हात पडला. वर घंटा वाजली.

सात वर्षं भाकऱ्या थापताना तिने ती गाणी ऐकली होती. एकूण एक नाव तिला पाठ होतं, कुठे लांबवायचं, कुठे तोडायचं, सगळं. रागाने का होईना, लक्ष देऊन ऐकलं होतं ना. तेरेझा, ती म्हणाली. तेरेझा, बाबा म्हणाले. रोझ. रोझ. क्लारा. क्लारा. गाणं चालायला लागलं, ठेच लागायची जागा मागे पडली. आता लुसी येणार होती. ते मलाही ठाऊक होतं, गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आई क्षणभर थांबली. मला वाटलं, संपलं, हे नाव काही तिच्या तोंडून निघणार नाही.

“गोजरा,” आई म्हणाली.

“गोजरा,” बाबा म्हणाले, आणि हात नेमका लुसीच्या दांड्यावर पडला.

ते म्हणून गेल्यावर त्यांना कळलं. कान तांबडेलाल झाले, पण थांबता येईना, कारण आई पुढचं नाव सांगत होती. सेसिलिया. सेसिलिया. गोजरा. गोजरा. गोजरा, रोझ. त्या नाताळच्या गाण्यात लुसी सारखी येते, दर ओळीत, कधी लागोपाठ. आईने एकदाही तिचं नाव घेतलं नाही आणि एकही सूर चुकू दिला नाही. खाली अंगणात फादर बस्त्याव वर बघत उभे होते. पाहुण्यांची पहिली गाडी फाटकातून आत येत होती. गाणं पुरं झालं आणि शेवटच्या घंटेचा आवाज बराच वेळ खोलीत फिरत राहिला.

मला वाटलं, आता ती खाली उतरेल. मीही उठले. पण आई एवढ्यावर भागणारी नव्हती. सांगितलेलं म्हणायला काय, पिंजऱ्यातला पोपटही म्हणतो. तिने पदर खोचला आणि बाबांसमोर, दांड्यांच्या पलीकडे, त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

“परत वाजवा,” ती म्हणाली. “आता मी नाय सांगनार.”

बाबांनी हात पुसले. आईकडे पाहिलं. मग डोळे मिटायला गेले, तर आई म्हणाली, उघडे ठेवा. बाबांनी डोळे उघडे ठेवले. मोनिका, म्हणाले. तेरेझा. रोझ. क्लारा. सूर एकेक करून त्या जागेपाशी आला.

बाबा तिच्याकडे बघत “गोजरा” म्हणाले, आणि दांडा दाबला.